पान ओळखा, मग पातेल्यात टाका

(साक्षरता वर्गातील स्त्री-पुरुषांपुढे केलेले भाषण)



आजचा विषय अगदी लहान आहे. एक वाळलेले पान. त्याचे नाव तमालपत्र. कोणी त्याला नुसते मसाल्याचे पान म्हणतात. हिंदी मुलखात त्याला तेजपत्ता म्हणतात.

तुम्ही म्हणाल, "पानाचं एवढं काय सांगायचं? फोडणीत टाकलं, वास आला, झालं काम!"

खरे आहे. पण जरा विचार करा. भाजी आपण निवडून घेतो. तांदूळ आपण पाखडून घेतो. डाळीतला खडा वेचून काढतो. मग मसाल्याचे पानच तेवढे न बघता का टाकायचे? तेही अन्नातच जाते. अन्न आपल्या लेकरांच्या पोटात जाते.

म्हणून पान हातात घेतले की ३ प्रश्न विचारावेत. पहिला, हे पान तेच आहे का? दुसरा, ते चांगले आहे का? तिसरा, जेवायला वाढताना ते पान कुठे आहे? या ३ प्रश्नांची उत्तरे आज आपण पाहू.

हे पान येते कुठून?

तमालाचे झाड हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरांत वाढते. उत्तराखंड, नेपाळ, सिक्कीम, भूतान या भागांत ते आहे. मेघालयात खासी आणि जैंतिया नावाचे डोंगर आहेत. तिथले लोक ही झाडे मुद्दाम लावतात. झाड बारा महिने हिरवे असते. लावल्यावर लगेच पाने मिळत नाहीत. ८ ते १० वर्षे वाट पाहावी लागते. आज्याने लावावे आणि नातवाने तोडावे, अशातली ही गोष्ट.

पाने पावसात तोडत नाहीत. पावसाने वास कमी होतो. पावसाळा सरला की तोडणी सुरू होते. ती उन्हाळा लागेपर्यंत चालते. बारीक फांद्या पानांसकट तोडतात. ३-४ दिवस वाळवतात. मग जुड्या बांधतात, पोती भरतात, आणि माल बाजाराच्या वाटेला लागतो. उत्तराखंडाच्या तेजपत्त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे तिथल्या मालाला त्या मुलखाच्या नावाची सरकारी ओळख मिळाली. आपल्याकडे नागपूरच्या संत्र्याला अशीच ओळख आहे.

हा व्यापार आजचा नाही. सुमारे २ हजार वर्षांपूर्वी आपल्या देशातून हे पान जहाजाने रोमच्या राज्यात जात असे. तिकडे ते अत्तरात आणि औषधात घालत. ते लोक त्याला मालाबाथ्रम म्हणत. हा शब्द आपल्या तमालपत्र या शब्दावरूनच झाला, असे जाणकार सांगतात. तेव्हा हे लहानसे पान जग फिरून आलेले आहे, बरं का!

मेघालयाच्या डोंगरातून आपल्या गावच्या बाजारात यायचे, तर पान पुष्कळ हातांतून जाते. वाटेत ते भिजू शकते. गोदामात जुने होऊ शकते. त्यात दुसरी पानेही मिसळू शकतात. झाड आपण पाहिलेले नसते. आपल्या हातात फक्त पान येते. म्हणून पानाचीच पारख शिकायला हवी.

तीन शिरा आणि एक वास

चांगले तमालपत्र हातात घ्या. ते लांबट असते. दोन्ही टोकांना निमुळते असते. लांबी १० ते २० सेंटिमीटर, म्हणजे फार तर वीतभर. वरची बाजू थोडी चकचकीत असते. खालची बाजू फिकी असते.

आता शिरा बघा. पानाच्या देठापाशी ३ शिरा निघतात. एक मधोमध जाते. दोन शिरा दोन्ही बाजूंनी टोकाकडे जातात. तिन्ही शिरा लांबच लांब असतात. ही पहिली खूण.

दुसरी खूण वासाची. पान मोडा. बोटांत चुरडा. नाकाशी न्या. लवंग आणि दालचिनी एकत्र कुटावी, तसा वास आला पाहिजे. लवंगेत युजेनॉल नावाचे एक सुवासिक द्रव्य असते. तेच द्रव्य तमालपत्राच्या तेलातही असते. दालचिनीचे झाड तर तमालाचे सख्खे भावंडच आहे.

कोकणातल्या मंडळींना हे वेगळे सांगायला नको. पुष्कळांच्या परसात दालचिनी आहे. तिच्या पानालाही लांब शिरा असतात आणि लवंगेसारखा वास असतो. ते पान स्वयंपाकात चालते. कोवळे तांबूस पान घेऊ नये. पिकलेले गडद हिरवे पान घ्यावे. धुवावे. सावलीत वाळवावे. कडक झाले की डब्यात भरावे. विकतच्या पुडीचे पैसे वाचतात.

शहरातल्या मोठ्या दुकानात आणखी एक पान मिळते. ते भूमध्य समुद्राच्या काठचे. तुर्कस्तान, ग्रीस, इटली या देशांत ते वापरतात. ते आपल्या पानापेक्षा लहान असते. त्याला मधोमध एकच मोठी शीर असते. बारीक शिरा तिला दोन्ही बाजूंनी फुटतात. त्याचा वासही निराळा. ते पान वाईट नव्हे. पण आपल्या आमटीला आपल्या पानाची चव त्याने येणार नाही. गंमत अशी, की दोन्ही पुड्यांवर 'बे लीफ' असेच छापलेले असते. म्हणून नाव वाचा आणि शिराही मोजा.

दिसतं तसं नसतं

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट सांगते. नीट ऐका.

३ शिरा दिसल्या म्हणजे ते तमालपत्रच, असे समजू नका. आपल्या बोरीचे पान आठवा. त्यालाही बुडापासून ३ शिरा असतात. म्हणून कोणी बोरीचे पान फोडणीत घालते का? बोरीच्या पानाने काही बिघडत नाही. पण रानात दुसरीही झाडे आहेत.

कोकणात आणि सह्याद्रीच्या रानात काजरा नावाचे झाड असते. त्यालाच कुचला म्हणतात. त्याचे पान रुंद आणि चकचकीत असते. त्यालाही बुडापासून ३ किंवा ५ शिरा असतात. हे झाड विषारी आहे. त्याची बी तर फारच जहाल. त्या विषाने माणसाला झटके येतात. जीवही जातो.

दुसरी आपल्या ओळखीची कण्हेर. देवळापुढे कण्हेर, बांधावर कण्हेर, सडकेच्या मधोमध कण्हेर. फुले सुंदर, पण सारे झाड विषारी. पान, फूल, मूळ, साल, काही म्हणता काही खाण्याजोगे नाही. तिचे पान अरुंद आणि जाड असते. मधे एकच शीर ठळक असते. वाळलेले पान लांबून पाहिले, तर मसाल्याच्या पानासारखे वाटते. पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, तीही तशीच विषारी. तिची फांदी मोडली की पांढरा चीक येतो. कण्हेरीचे विष काळजावर घाव घालते. नाडी बिघडते. आणि लक्षात ठेवा, पान वाळवले किंवा उकळले म्हणून हे विष जात नाही.

मग ओळखायचे कसे? कण्हेरीला आणि काजऱ्याला तमालपत्राचा वास नाही. पान चुरडले आणि लवंग-दालचिनीचा वास आला नाही, तर ते पान पातेल्यात टाकू नका. पण चव घेऊन पारख करायला जाऊ नका. जीभ ही विषाची परीक्षा करायची जागा नव्हे.

माझे सांगणे एवढेच. रानातले, बांधावरचे, कोणा अनोळख्याने आणून दिलेले पान स्वयंपाकात घालू नये. झाड माहीत असेल, माणूस माहीत असेल, शिरा जुळत असतील आणि वास येत असेल, तरच ते पान घ्यावे. एकही गोष्ट जुळली नाही, तर आमटी बिनपानाची करावी. बिनपानाच्या आमटीने कोणी उपाशी राहत नाही.

आणि कोणाच्या पोटात असे विषारी पान गेलेच, तर? वाट पाहत बसू नका. मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका. तूप-दूध पाजत वेळ घालवू नका. लगेच १०८ क्रमांकाला फोन करा. महाराष्ट्रात आणि गोव्यात या फोनवर रुग्णवाहिका येते. तिला पैसे पडत नाहीत. ज्या पानाचा संशय आहे, ते पान आणि त्याची डहाळी पिशवीत घालून सोबत न्या. डॉक्टरांना झाड ओळखता आले, तर उपचार लवकर होतो.

बाजारात पारख

पान तेच आहे, हे कळले. आता ते चांगले आहे का, हे पाहू.

समजा, एक मावशी आठवड्याच्या बाजाराला गेली आहे. मसाल्याच्या दुकानापुढे उभी राहिली. म्हणाली, "भाऊ, तमालपत्र दाखवा."

दुकानदाराने पुडी पुढे केली. "घ्या मावशी, एक नंबर माल आहे."

"माल असेल हो. पण एक पान मोडून बघू का?"

"मोडा की! मोडायला काय जातंय?"

मावशीने पान वाकवले. ते वाकले, पण मोडले नाही. "भाऊ, हे तर वाकतंय. दमट आहे."

"पावसाळी हवा आहे, मावशी."

"हवा पावसाळी आहे खरी. पण ओल्या पानाचं वजन माझ्या पैशानं व्हायचं ना? आणि घरी नेऊन बुरशी आली, तर?"

दुकानदार हसला. त्याने वरच्या फळीवरचा बंद डबा काढला. त्यातले पान मोडले. कट् असा आवाज आला. वासही आला. मावशीने ते घेतले.

या मावशीने भांडण केले नाही. आवाज चढवला नाही. तिने फक्त पान वाकवून पाहिले. एवढी पारख तुम्ही-आम्ही कोणीही करू शकतो.

आणखी काही खुणा सांगते.

रंग पाहा. चांगले वाळलेले पान हिरवट असते. थोडा तपकिरी रंग चालतो. सगळेच पान पिवळे किंवा करडे पडले असेल, तर माल जुना आहे.

पान उलटे करून पाहा. पांढरी किंवा काळी भुकटी दिसली, कापसासारखे तंतू दिसले, कुबट वास आला, तर ती बुरशी आहे. घेऊ नका. जाळी आणि भोके दिसली, तर कीड आहे. तेही घेऊ नका.

पुडीचा तळ पाहा. काड्या, देठ, माती आणि चुरा जास्त असेल, तर आपण पानाचे पैसे देऊन कचरा घेतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. नुसत्या पोत्याचा वास घेऊ नका. शेजारी लवंगेचे पोते असले, की शिळ्या पानालाही वरवर वास लागतो. एक पान मोडा आणि मोडलेल्या कडेचा वास घ्या. तो वास पानाचा स्वतःचा.

घरी आणल्यावरही एक परीक्षा करता येते. एक कप कढत पाण्यात अर्धे पान टाका. झाकण ठेवा. ५ मिनिटांनी झाकण काढा. सुवास दरवळला, तर पान चांगले. गवतासारखा वास आला, तर पानातला दम गेला आहे.

पुडीवरची अक्षरे

आता आपल्याला वाचता येते. त्याचा उपयोग इथे करा.

बंद पुडी घेतली, की ती उलटी करा. तिच्यावर माल कोणी भरला त्याचे नाव आणि पत्ता असतो. वजन असते. भरल्याची तारीख असते. कधीपर्यंत वापरावे, तेही असते. आणखी एक १४ आकडी परवाना क्रमांक असतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ साली झाला. त्या कायद्याखाली हा क्रमांक मिळतो. आकडे मोजा. १४ भरले पाहिजेत. हा मोजणीचा चांगला धडाही होईल!

पुडीवर नाव नाही, तारीख नाही, क्रमांक नाही, तर ती पुडी परत ठेवा. पुडीत बुरशी किंवा भलतीच पाने निघाली, तर पुडी फेकू नका. पुडी आणि पावती जपून ठेवा. आधी दुकानदाराला दाखवा. तो ऐकत नसेल, तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात अर्ज द्या. अर्ज लिहायला आता दुसऱ्याकडे जायला नको. तुमची सही तुम्ही करू शकता.

सुटा माल घेतला, तर तो छापील वर्तमानपत्रात बांधून घेऊ नका. छपाईची शाई खाण्याला लागते. ती पोटात जाणे बरे नाही. वर्तमानपत्रात अन्न बांधू नये, असा सरकारी नियम २०१८ साली झाला आहे. घरून स्वच्छ कापडी पिशवी किंवा डबा न्यावा, हे उत्तम.

घरात ठेवायचे कसे?

पानाचे ३ वैरी आहेत. ओल, ऊन आणि उघडी हवा. ओलीने बुरशी येते. उन्हाने रंग आणि वास जातो. उघड्या हवेत सुवास उडून जातो.

म्हणून पाने घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत. डबा आतून अगदी कोरडा हवा. तो चुलीच्या किंवा शेगडीच्या वर ठेवू नये. तिथे वाफ लागते. ओल्या हाताने पान काढू नये. डब्यावर चिठ्ठी चिकटवावी. तिच्यावर आणल्याचा महिना आणि साल लिहावे. साधारण वर्षभरात पाने वापरून संपवावीत.

पुष्कळ घरांत बुरशी आलेले जिन्नस पुसून, ऊन दाखवून वापरतात. "एवढं पैसे देऊन आणलंय, टाकायचं कसं?" असे म्हणतात. जीव तुटतो, हे मला समजते. पण काही बुरशी विष तयार करते. ते डोळ्यांना दिसत नाही. पुसून जात नाही. भाजूनही सगळे जात नाही. तेव्हा बुरशीची पाने टाकून द्यावीत. गुरांपुढेही टाकू नयेत. थोडी थोडी पाने आणावीत, म्हणजे टाकायची पाळी येत नाही.

फोडणीत कधी, आणि किती?

पानाचा सुवास त्याच्या तेलात असतो. तो हळूहळू बाहेर येतो. म्हणून पान आधी घालावे, शेवटी नव्हे. सुवास तेलात चांगला उतरतो. म्हणून फोडणीत घालावे. पण तेल धूर सोडण्याइतके तापवू नये. पान काळे झाले की ते जळले. जळलेल्या पानाने कडवटपणा येतो. तेल तापले, की आच कमी करावी. पान घालावे. सुवास आला की लगेच कांदा किंवा डाळ घालावी. मग झाकण ठेवून शिजवावे, म्हणजे सुवास भांड्यातच राहतो.

वापरण्याआधी पान झटकावे. पाण्यात चटकन धुऊन पुसून घ्यावे. ओले पान गरम तेलात घालू नये. तेल उडते आणि हात भाजतो.

प्रमाण किती? पाव किलो तांदळाच्या मसालेभाताला १ पान पुरे. अर्धा किलो मटणाच्या रश्शाला २ पाने पुरेत. ४ माणसांच्या आमटीला १ पान पुष्कळ. जास्त पाने घातली म्हणून चव वाढत नाही. उलट आमटी काढ्यासारखी लागते.

हे पान तिखटातच चालते असे नाही. बंगालात तांदळाच्या खिरीतही ते घालतात. दूध उकळताना १ पान टाकतात. करून पाहण्यासारखे आहे.

आपला गोडा मसाला आणि मालवणी मसाला यांतही तमालपत्र असते. पाव किलो धण्याला १० ग्रॅम पाने घ्यावीत. १० ग्रॅम म्हणजे जुन्या हिशेबाने तोळ्याला थोडे कमी. पाने वेगळी भाजावीत. धण्यांबरोबर भाजली तर पाने आधी जळतात. थोड्याशा तेलात मंद आचेवर परतली की ती कुरकुरीत होतात. मग बारीक कुटावीत. कुटल्यावर बारीक चाळणीने चाळावीत. मधल्या शिरेचे कडक तुकडे चाळणीत राहतात. ते टाकून द्यावेत. हे का, ते आता सांगते.

पानात पान येऊ देऊ नका

आता तिसरा प्रश्न. वाढताना ते पान कुठे आहे?

काही लोक म्हणतात, तमालपत्र विषारी असते, म्हणून ते जेवताना बाजूला काढतात. हे खरे नाही. खरे तमालपत्र विषारी नाही. बाजूला काढायचे कारण निराळे आहे.

कोथिंबीर शिजते. कढीपत्ता मऊ पडतो. तमालपत्र मात्र तासभर शिजवले तरी मऊ होत नाही. ते चामड्यासारखे चिवट राहते. त्याची कड धारेची असते. असे पान चावले जात नाही. ते घशात अडकू शकते. अन्ननळीत रुतू शकते. अशी रुतलेली पाने डॉक्टरांना नळी घालून काढावी लागली आहेत. लहान मुले, दात पडलेली म्हातारी माणसे आणि घाईने जेवणारे गडी यांना हा धोका जास्त.

म्हणून मी म्हणते, जेवणाच्या पानात मसाल्याचे पान येऊ देऊ नका.

हे करायचे कसे? सोपे आहे. पान अख्खे घाला. तुकडे करून घालू नका. तुकडे भातात लपतात. अख्खे पान दिसते. पान एक तर अख्खे असावे, नाही तर वस्त्रगाळ कुटलेले असावे. मधले काही नको.

आणि मोजून घाला. ३ घातली, तर ३ काढा. गावजेवणाला मोठे पातेले असते. तिथे आचाऱ्याने पाने स्वच्छ पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधावीत. भात झाला की पुरचुंडी बाहेर काढावी. शेकडो माणसांच्या पंगतीत एकेक पान शोधत बसायला नको. अंगणवाडीची आणि शाळेची खिचडी करणाऱ्या ताईंनी तर हे न विसरता करावे. तिथे जेवणारी सगळी लेकरेच असतात.

एवढे करूनही मुलाच्या घशात तुकडा अडकला, तर घाबरू नका. मूल खोकत असेल, रडत असेल, तर त्याचा श्वास चालू आहे. त्याला खोकू द्या. घशात बोट घालून चाचपडू नका. तुकडा आणखी खाली जातो.

मुलाला खोकता येत नसेल, आवाज निघत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर क्षणही दवडू नका. एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने मुलाला पुढे वाकवावे आणि पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, तळहाताच्या बुडाने ५ जोरदार थापा माराव्यात. तुकडा निघाला नाही, तर मुलाच्या मागे उभे राहावे. एक मूठ बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली ठेवावी. दुसऱ्या हाताने ती धरावी. आत आणि वर असा ५ वेळा झटका द्यावा. पुन्हा ५ थापा, पुन्हा ५ झटके. तुकडा निघेपर्यंत हे चालू ठेवावे. मूल निपचित पडले, तर हे थांबवून फोनवरचा माणूस सांगेल तसे करावे.

मूल १ वर्षाच्या आतले असेल, तर पोटावर झटका देऊ नये. त्याला हातावर पालथे धरावे. डोके खाली ठेवावे. पाठीवर ५ थापा द्याव्यात. मग उताणे करून छातीच्या मधोमध ५ वेळा दाबावे. ऐकून हे पुरते कळत नाही. गावातल्या आशाताईंना किंवा नर्सबाईंना विचारा. त्यांच्याकडून एकदा प्रत्यक्ष पाहून घ्या.

मोठ्या माणसाला गिळताना घशात टोचत असेल, तर आपल्याकडे एक उपाय करतात. भाताचा मोठा घास किंवा केळे गिळायला देतात. म्हणतात, "त्याच्याबरोबर खाली जाईल." असे करू नका. पानाची कड नळीत आणखी रुतते. दवाखान्यात जा. "तमालपत्राचा तुकडा गिळला आहे," असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लहानसा तुकडा गिळला आणि काहीच त्रास नाही, तर भिण्याचे कारण नाही. पण पुढे पोटात दुखले, रक्त पडले, तर मात्र घरी बसू नका.

पान म्हणजे औषध नव्हे

शेवटची एक गोष्ट. कोणी सांगतो, "या पानाचा काढा प्या, साखरेचा आजार बरा होतो." कोणी म्हणतो, "डॉक्टरांची गोळी बंद करा, पान पुरे." असल्या बोलण्यावर विसंबू नका. भाजीत पान घातले तर काही बिघडत नाही. पण गोळी सोडून पानावर राहिलात, तर आजार आतून वाढतो. डोळे आणि मूत्रपिंड बिघडल्यावर मग कळते. गरोदर बायांनी आणि रोज औषध घेणाऱ्यांनी असले काढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पान हा मसाला आहे. त्याला मसाल्याच्या जागी राहू द्या.

लक्षात ठेवा

१. शिरा ३ असाव्यात आणि लवंग-दालचिनीचा वास यावा. दोन्ही खुणा पाहिजेत.

२. अनोळखी पान पातेल्यात नको. कण्हेर आणि काजरा विषारी आहेत.

३. पान कट् मोडले पाहिजे. दमट, कुबट, बुरशीचे पान घेऊ नये.

४. पुडीवरची तारीख आणि १४ आकडी क्रमांक वाचावा.

५. कोरड्या, झाकणाच्या डब्यात ठेवावे.

६. पान अख्खे घालावे, मोजून घालावे आणि मोजून काढावे.

मंडळी, स्वयंपाक करणाऱ्याच्या हातात घरातल्या साऱ्यांचे आरोग्य असते. ते हात बाईचे असोत की पुरुषाचे. पारख करायला पैसा लागत नाही. डोळा, नाक आणि बोटे देवाने सगळ्यांना दिली आहेत. त्यांना आता अक्षरांची जोड मिळाली आहे. उद्या बाजाराला जाल, तेव्हा पान मोडून पाहा. पुडी वाचून पाहा. घरी गेल्यावर शेजारणीलाही सांगा.

एवढे सांगून मी माझे बोलणे संपवते.